डोंगराचं दुसरं भोक

४ मार्च १९८४, रविवार

आजचा 'असं का?' चांगलाच रंगला. माझी मीच पाठ थोपटून घेते, कारण या घरात थोपटणारं दुसरं कोणी नाही.

प्रश्न वरच्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंचा होता, झऱ्याबद्दलचा. आमची पोतायनित्सा अशी लहरी का? बराच वेळ धो धो वाहते, मग गपकन थांबते, कुंड आरशासारखं शांत होतं, आणि पुन्हा आपली आपण सुटते. गावात म्हणतात, आत एक अजस्र प्राणी झोपलाय आणि तो कूस बदलतो. मी स्टुडिओत बादली आणि रबरी नळी घेऊन गेले. रेडिओवर बादली दिसत नाही हे मला कळतं, पण पाण्याचा आवाज तर ऐकू जातो! डोंगराच्या पोटात एक खोली आहे, तिच्यात पाणी साठत राहतं. तिच्या तळातून निघालेली वाट आधी वर चढते आणि मग उतरून कुंडात येते, वाकवलेल्या नळीसारखी. खोलीतलं पाणी त्या वळणाच्या माथ्याला पोचलं की नळी भरते आणि सगळं पाणी ओढून बाहेर काढते. खोली रिकामी झाली की नळीत हवा शिरते आणि झरा बंद. प्राणी नाही नि कूस नाही.

शेवटी थोडी गंमत केली. म्हटलं, "आमचे बंधुराज रास्तको गेली कित्येक वर्षं रबरी कपडे घालून त्या कुंडात बदकासारखे डुंबतायत. त्यांना जे दिसलं नाही, ते मला स्वयंपाकघरातल्या बादलीत दिसलं." काचेपलीकडचा तंत्रज्ञ हसून हसून टेबलावर आडवा झाला.

दुपारी जेवायला रास्तकोकडेच होते. त्याच्या बायकोनं, यागोदानं, घेवडा आणि धुरावलेलं मांस शिजवलं होतं. रास्तकोनं भाकरीचा तुकडा नुसता चिवडला.

"ऐकलास का कार्यक्रम?"

"ऐकला ना. सगळ्या गावानं ऐकला, सेको." नेवेंका हे माझं नाव तो कधी घेत नाही; ताई म्हणावं तसं सेकाच म्हणतो.

"मग?"

"आतली खोली मी पाहिलेली नाही. पण तूही पाहिलेली नाहीस."

"पाहायची गरजच काय? ती असलीच पाहिजे."

यागोदानं पातेलं इतक्या जोरात ठेवलं की आमटी टेबलावर सांडली. तिचं डोकं दुखत असावं. हवा बदलतेय.

७ मार्च, बुधवार

खाटकाच्या दुकानात गंमत झाली. रास्तको माझ्यापुढे रांगेत होता, तर मागून कोणीतरी "क्वॅक!" केलं. सगळं दुकान हसलं. रास्तकोही हसला आणि काही न घेताच बाहेर पडला. त्याच्या कारखान्यातही म्हणे हेच चाललंय. माझा कार्यक्रम कुठवर पोचतो याची मला कल्पना नव्हती.

रविवारसाठी प्रश्न निवडला: चहा ढवळल्यावर पत्ती कपाच्या कडेला न जाता मध्येच का गोळा होते? सोपा दिसतो, पण भल्याभल्यांना अडवतो.

१० मार्च, शनिवार

रास्तको पोतायनित्सात उतरला आणि बाहेर आलेला नाही.

नीट लिहिते. नीट लिहिलं तर नीट विचार होईल.

यागोदा सांगते ते असं. सकाळी दोघंच गेले. पाणबुड्यांच्या क्लबातल्या कोणाला त्यानं सांगितलं नव्हतं. झरा थांबल्याबरोबर तो पाण्यात शिरला. कंबरेला दोर, दुसरं टोक हिच्या हातात. दोर सरकत गेला, सरकत गेला, मग थांबला. मग झरा नेहमीपेक्षा फार लवकर सुटला. हिनं ओढलं तर दोर हलका लागला. टोक कापसासारखं पिंजलेलं, खडकावर घासून तुटलेलं.

माझ्या दारात आली तेव्हा ती छातीपर्यंत भिजलेली होती. मी म्हटलं, "बर्फ वितळतंय, आत पाणी जास्त येतंय, झरा लवकर सुटणारच. एवढं त्याला कळू नये?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "फोन कर. तुला सगळे ओळखतात."

मी फोन केले. पोलीस, क्लब, बेलग्रेडचं बचाव पथक. आवाज माझा असा शांत होता की पलीकडच्या माणसानं विचारलं, आपण नातेवाईक का?

आई गेली तेव्हा तो चड्डीत होता. मीच वाढवलं त्याला. अंकगणित मी शिकवलं, दाढी कशी करायची तेसुद्धा मीच, पुस्तकात वाचून.

११ मार्च, रविवार

रेडिओवर आज माझ्या वेळेला बासरी लावली.

पथक आलंय. प्रमुखाचं नाव तिहोमीर. ठेंगणा, पांढऱ्या मिशांचा, हळू बोलणारा. कुंडाजवळच्या जुन्या पाणचक्कीत त्यानं मुक्काम टाकलाय. ल्युब्लियानाहून दोन पाणबुडे रात्रभर गाडी चालवून आले. दुपारी झरा थांबल्यावर ते आत गेले आणि लगेच बाहेर फेकल्यासारखे परत आले. पाणी गढूळ, हातापुढचं दिसत नाही, आणि खंड फार छोटा. पाणी वाहत असताना त्या वाटेत शिरणं म्हणजे बंबाच्या नळीत उलटं पोहणं, असं त्यांच्यातला एक म्हणाला.

अडचण मला कळते. बर्फ जितकं जास्त वितळेल तितकी खोली लवकर भरेल आणि दोन वाहण्यांमधला खंड आखूड होत जाईल. एक वेळ अशी येईल की खंड उरणारच नाही. मग खालून वाट बंद.

हे तिहोमीरना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गळ्यातलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "बाई, तुम्ही झरा कधी सुटतो, कधी थांबतो ते पाहा. हे कोणीतरी पाहायलाच हवं."

दिवसभर कुंडाच्या काठावर बसले. प्रत्येक वेळी जाऊन सांगत होते. ते मान डोलवत, "छान, बाई, छान," म्हणत. कागदावर काही उतरवून घेत नाहीत. माणसाची स्मरणशक्ती जबरदस्त असली पाहिजे.

१२ मार्च, सोमवार

आज दिवसभर ऊन होतं. मला उन्हाचा इतका राग आयुष्यात आला नव्हता. छपरांवरून थेंब ठिबकत होते आणि प्रत्येक थेंब त्याच्या खोलीत जाऊन पडतोय असं वाटत होतं.

पाणबुडे दोनदा गेले, दोनदा परत आले. दुसऱ्यांदा एकाच्या कपाळावर खोक पडली. तिहोमीरनी त्याला पुन्हा जाऊ दिलं नाही.

मी हिशेब मांडला. त्याच्या पाठीवरच्या टाक्यांमधली हवा तर शनिवारी सकाळीच संपली. पण तो खोलीत पोचला असेल, पाण्यावरच्या एखाद्या कपारीत बसला असेल, तर खोलीतली हवा त्याला आहे. किती? खोली केवढी आहे ते ठाऊक नाही. एका वाहण्यात किती पाणी बाहेर येतं त्यावरून अंदाज काढला, छताची उंची धरली, बंद खोलीत एक माणूस किती श्वास घेतो ते धरलं. हवा संपत नाही आधी, ती बिघडते. आपलाच श्वास आपल्याला बुडवतो. तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी मांडून पाहिलं. सगळ्यात उदार उत्तर उद्या संध्याकाळचं आलं.

कागद फाडला. पुन्हा मांडला. तेच.

पाणचक्कीत गावच्या बायका सगळ्यांसाठी रांधतात. मी आत गेले की गप्प होतात. शिकलेल्या माणसापुढे संकोचतात बिचाऱ्या. संध्याकाळी यागोदा तिथे होती. तिचे दोन्ही तळहात दोरानं सोललेत, पट्ट्या बांधल्यात. मी म्हटलं, "त्यानं क्लबाला विचारायला हवं होतं. असं एकट्यानं जायचं काय अडलं होतं?"

"तुला खरंच कळत नाही?"

"काय?"

"बदक!" ती ओरडली. सगळ्या बायकांनी खाली पाहिलं. "आठवडाभर तो घरातून निघाला की पोरं मागून ओरडायची. कामावर त्याच्या खुंटीला पिसं बांधून ठेवली होती. 'मी ती खोली पाहून येतो, मग बोलू दे तिला,' म्हणाला. मी म्हटलं, नको जाऊ. मग म्हटलं, जायचंच असेल तर दोर माझ्या हातात दे. दिला त्यानं."

मी बाहेर आले. दुःखात माणूस कोणाला तरी दोष देतो, हे स्वाभाविक आहे. विनोद होता तो. तो स्वतःसुद्धा हसला होता.

थंडी पडली तर बरं होईल. आकाश निरभ्र आहे, म्हणजे पडेल.

१३ मार्च, मंगळवार

पहाटे गोठलं होतं. खंड थोडा वाढला, पण पाणी अजून गढूळच आहे.

सकाळी तिहोमीरनी मला आणि यागोदाला बाजूला नेलं. टोपी हातात घेतली होती. टोपी पाहूनच मला कळलं.

"बाई, यागोदा. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. खालून माझ्या माणसांना आणखी पाठवलं तर मला अजून कोणाच्या तरी घरी जाऊन हेच सांगावं लागेल. बर्फ संपू दे. पाणी उतरलं की आम्ही येऊ आणि त्याला घेऊन येऊ."

"घेऊन येऊ म्हणजे?" यागोदानं विचारलं.

त्यांनी टोपी हातात फिरवली. मी तरी काय बोलणार? माझ्याच हिशेबानं आज संध्याकाळ.

मी चक्कीत जाऊन एका पिंपावर बसले. एका बाईनं न बोलता मोठा तेलाचा डबा आणि सळई माझ्यापुढे सरकवली. रिकामं बसलेलं माणूस बघवत नसावं तिला. मी डब्याच्या एका कोपऱ्याला भोक पाडलं आणि डबा कढईवर तिरका केला. तेल गुडुक करून आलं, थांबलं, गुडुक करून आलं, थांबलं. बाईचं सगळं पोलकं तेलकट.

"अहो बाई, दुसरं भोक पाडा की! शाळेत शिकवता ना?"

पाडलं. तेल सरळ धारेनं यायला लागलं.

मी डबा तसाच धरून बसले. बाई ओरडत होती, कढई भरली, कढई भरली.

पाणी बाहेर आलं तर त्याच्या जागी काहीतरी आत जायला हवं. डब्यातून असो की डोंगरातून. पोतायनित्सा वाहते तेव्हा खोली रिकामी होते. मग त्या जागेत हवा कुठून येते? मी स्टुडिओत नेली ती बादली होती, वरून उघडी. मी डोंगराचं झाकण काढून ठेवलं होतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. खोली जर बंद असती तर झरा वाहिलाच नसता!

पळत तिहोमीरकडे गेले. हातात अजून सळई होती. ते घाबरून दोन पावलं मागे सरले.

"डोंगराला दुसरं भोक आहे," मी म्हटलं. "खोलीला वरून हवा आहे. त्याची हवा संपणार नाही. संपलेली नाही!"

त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण बाई, एका भोकाचा डबासुद्धा रिकामा होतो. गुडगुड करत, थांबत थांबत. तुमचा झराही थांबत थांबतच वाहतो. हवा खालूनच आत जात असेल तर?"

प्रश्न चोख होता.

उत्तर यागोदानं दिलं. ती दारात उभी होती. "गुडगुडत नाही. शनिवारी मी पाण्यात उभी होते. वाहायला लागलं की एकसारखं वाहतं, हिसका नाही, बुडबुडा नाही. सगळा वेळ बुडबुड्यांकडेच डोळे लावून होते मी. त्याचा बुडबुडा येईल म्हणून."

तिघंही कुंडावर गेलो आणि झरा सुटायची वाट पाहिली. सुटला. मी पोटावर पडून पाण्याला डोळे टेकवले. काचेसारखी अखंड धार. एकसुद्धा बुडबुडा नाही.

तिहोमीरनी टोपी डोक्यावर घातली. "भोक शोधायचं कसं?"

१४ मार्च, बुधवार

सापडलं.

कालच ठरवलं होतं. झरा वाहतो तेव्हा डोंगर श्वास आत घेणार, झरा थांबून खोली भरू लागली की बाहेर सोडणार. आतली हवा डोंगराच्या पोटातली, बर्फापेक्षा उबदार. तर जिथे बर्फात टक्कल पडलंय तिथे शोधायचं. गावची माणसं, क्लबातली पोरं, खाटीकसुद्धा आला होता. सगळा डोंगर विंचरला. टकलं पुष्कळ निघाली. या डोंगरात भोकांना तोटा नाही, आणि निम्मी भोकं वारा असला की फुंकतातच. म्हणून कुंडावर एक माणूस ठेवला. झरा सुटला की एक शिट्टी, थांबला की दोन. ज्या भोकाचा श्वास शिट्टीबरोबर उलटेल ते आपलं.

दुपार कलली तरी काही नाही. बोटं लाकडासारखी झाली होती. मी एका भोकापाशी उगाच आशेनं बसून राहिले होते आणि ते खुळं भोक शिट्टीकडे लक्ष न देता एकसारखं फुंकत होतं. मला रडू आलं. शाळेतली दोन पोरं बघत होती, बघेनात का.

तेवढ्यात वरून यागोदाची हाक आली. काटेरी झुडपाखाली, दोन दगडांच्या मध्ये, हात जेमतेम जाईल एवढी फट. तिनं डोक्याच्या रुमालाची झालर फटीवर धरली होती. झालर बाहेरच्या बाजूला हलत होती. आम्ही बसून राहिलो. खालून एक शिट्टी आली. झालर थांबली. लोंबली. मग हळूच आत ओढली गेली.

खाटकानं टोपी काढून छातीशी धरली.

हाका मारल्या. काही नाही. तिहोमीरनी कान लावला, मी लावला. आत कुठेतरी पाणी वाजत होतं, बस.

मी म्हटलं, "किती खोल आहे ते बघू. दगड टाकते, पडल्याचा आवाज येईपर्यंतचा वेळ घेतला की अंतर काढता येतं." दगड उचललाही होता. यागोदानं माझं मनगट धरलं, पट्टी बांधलेल्या हातानं, इतकं घट्ट की अजून दुखतंय.

"खाली तो असेल तर?"

मी दगड ठेवला.

१५ मार्च, गुरुवार

सकाळी सुतळीला बांधून एक बारीक बरणी सोडली. झाकण फिरकीचं, आत साखर घातलेला गरम चहा, भोवती लोकरीचा मोजा. खूप अडखळत गेली. हलवत, सोडत, पुन्हा ओढत, शेवटी सुतळी ढिली पडली. आम्ही थांबलो. तिहोमीर म्हणाले, जरा जास्तच थांबू.

मग वर ओढली. बरणी रिकामी होती.

पोरं ओरडायला लागली. मी म्हटलं, "थांबा, थांबा! तिरकी होऊन सांडली असेल. रिकामी बरणी म्हणजे पुरावा नाही." मी असं म्हटलं, कारण दुसरं काही मानायला मला भीती वाटत होती. इतकी भीती मला शनिवारीसुद्धा वाटली नव्हती.

यागोदानं बरणी माझ्या हातातून घेतली. झाकणावर हात ठेवला आणि फिरवायला गेली. फिरेना. पुन्हा जोर लावला.

"नेवेंका," ती म्हणाली. "झाकण लावलेलंय."

मला कळायला क्षण लागला. चहा सांडायचा तर झाकण उघडायला हवं. उघडलं तर ते आपलं आपण पुन्हा घट्ट बसत नाही. मोजाही नव्हता.

यागोदा बर्फात खाली बसली आणि बरणी पदरात धरावी तशी कोटात धरून पुढे-मागे झुलायला लागली. तिहोमीर पाठ करून उभे होते. मी झाकणाकडे बघत राहिले. मी आयुष्यभर मुलांना सिद्धता शिकवल्या. इतकी छोटी कधी पाहिली नव्हती.

१६ मार्च, शुक्रवार

फट रुंद करण्याचं काम चालू आहे. सुरुंग लावता येत नाही, दगड त्याच्यावर कोसळतील. छिन्नी आणि हातोडा, आणि प्रत्येक कपची पोत्यात झेलायची. खाणीतले लोक पाळी लावून करतायत. सगळेजण एकमेकांवर खेकसतात. आता मिळालाय आणि आता हरवेल, ही धाकधूक आधीच्या दिवसांपेक्षा वाईट.

ऊन पुन्हा आलं. झऱ्याचे खंड आखडतायत. वाहत राहिला तरी खोलीतली पातळी खालीच राहील, असं मी मांडलंय. पण मंगळवारपर्यंत मी डोंगराला झाकण आहे हेसुद्धा विसरले होते, तेव्हा माझ्या मांडण्यावर मी आज झोपणार नाही.

दुपारी त्याचा आवाज ऐकू आला. फार खोल, पिंपातून आल्यासारखा. "यागोदा!" एवढंच. ती फटीवर आडवी पडून काहीबाही बोलत राहिली, शेजारणीच्या कोंबड्यांचं, छपराच्या गळतीचं. तो मधूनमधून हुं करत होता.

मग मी गेले. "रास्तको, मी सेका! पाण्याची पातळी कुठवर येते? कपार किती उंच आहे? पायाला संवेदना आहे का?"

काही उत्तर आलं नाही. दोनतीनदा विचारलं. वाकड्यातिकड्या फटीतून उच्चार स्पष्ट जात नसावेत. यागोदाला मात्र ऐकू येतं त्याचं. तिचा आवाज बारीक आहे, त्यामुळे असेल.

१८ मार्च, रविवार

काल संध्याकाळी काढला. जिवंत.

दोरांच्या झोळीत, घोंगड्यांत गुंडाळलेला, चेहरा मेणासारखा. दाढी वाढलेली. बाबांसारखा दिसत होता. डोळ्यांवर पट्टी होती, उजेडाची सवय गेलेली. यागोदा झोळीबरोबर पळत होती. गाव दुतर्फा उभा होता आणि एकाचाही आवाज नव्हता.

तिहोमीर निघताना माझा हात बराच वेळ हातात धरून उभे राहिले. मी घड्याळ परत केलं आणि विचारलं, "माझ्या नोंदी उपयोगी पडल्या का हो तुम्हाला?" ते म्हणाले, "बाई, तेव्हा तुम्हाला काहीतरी करायला हवं होतं." आणि गाडीत बसले.

हे वाक्य मी आज पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं.

आज इस्पितळात गेले. पायाची काही बोटं कापावी लागली, बाकी धोका टळला म्हणतात. तो जागा होता. मी खुर्ची ओढून बसले आणि त्याला सगळं सांगायला लागले, तेलाचा डबा, दोन भोकं, बुडबुडे, झालर, झाकण. सांगताना मला स्वतःलाच इतकं बरं वाटत होतं. बुडबुड्यांपर्यंत पोचले असेन, त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"नेवेंका, आता पुरे," यागोदा म्हणाली. रागानं नाही. दार लावावं तसं म्हणाली.

थकलाय तो. इतका काळ गारठ्यात राहिलेलं शरीर चिडचिडं होतं, हे वैद्यकात प्रसिद्ध आहे.

घरी येऊन कोट न काढता बसून राहिले.

२५ मार्च, रविवार

आठवडाभर गेले नाही. रोज निघायचे, पुलापर्यंत जायचे, परत यायचे.

रेडिओचे संचालक दोनदा घरी आले. खास तासाभराचा कार्यक्रम हवाय. विज्ञानानं भाऊ कसा वाचवला. राजधानीतूनही प्रक्षेपित करणार म्हणे. "लोक रडतील, बाई!" मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी आढेवेढे घेतेय. मग म्हटलं, "भोक माझ्या वहिनीनं शोधलं. बुडबुडे तिनं पाहिले. झाकण तिच्या हातात होतं. तिला बोलवा." ते हसले. "तिला बोलता कुठे येतं?" मी त्यांना जिन्यापर्यंत पोचवायलाही गेले नाही.

आज दुपारी इस्पितळात गेलेच. यागोदा बाहेर बाकावर संत्रं सोलत होती. मला पाहून बाजूला सरकली, जागा केली, मग अर्धं संत्रं माझ्या हातात ठेवलं. "जा आत. पण ऐक, नेवेंका. समजावू नकोस त्याला काही."

तो उशांना टेकून बसला होता. मी खुर्चीवर बसले. बोलायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, समजावण्याशिवाय त्याच्याशी कसं बोलायचं हे मला माहीतच नाही. लहानपणापासून नाही. खिडकीबाहेर कोणीतरी गालिचा झोडत होतं. ते ऐकत दोघं बसलो.

मग मी विचारलं, "आत कसं होतं?"

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी पुढे काय जोडते याची वाट पाहत असावा. मी काही जोडलं नाही.

"काळोख," तो म्हणाला. "दिवा पहिल्याच दिवशी गेला. पाणी वर यायचं. पायाशी यायचं, मांडीशी यायचं. प्रत्येक वेळी वाटायचं, या खेपेला थांबणार नाही. मग ओढा लागायचा आणि सगळं खाली जायचं, भयंकर आवाज करत. पुन्हा पहिल्यापासून." तो थांबला. "झोप आली की मेलो, हे कळत होतं. म्हणून बोलत होतो. मोठ्यानं."

"कोणाशी?"

"तुझ्याशी."

मी म्हटलं, "काय बोलत होतास?"

"शिव्या देत होतो, सेको." आणि तो हसला, ओठ फाटलेले होते म्हणून अर्धवट. "तुला. सगळा वेळ. लहानपणापासूनच्या सगळ्या. संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. त्यानं ऊब राहायची."

गालिचा झोडणं थांबलं होतं. मला म्हणायचं होतं की रागानं नाडी वाढते, स्नायू ताणतात, उष्णता तयार होते, तेव्हा यात तथ्य आहे. ओठांपर्यंत आलं होतं. संत्र्याची एक फोड तोंडात टाकली आणि ती चावत बसले.

"सांग," मी म्हटलं.

"काय?"

"काय काय म्हणालास ते. सगळं."

"रडशील."

"रडेन."

त्यानं उशी नीट केली, दाराकडे एकदा पाहिलं आणि सुरुवात केली. आई गेली त्या वर्षापासून सुरुवात केली. काही गोष्टी मला आठवत होत्या, वेगळ्या आठवत होत्या. काही मला माहीतच नव्हत्या. दोनदा चुकीचं होतं, दोनदा तो अन्याय करत होता माझ्यावर. मी दुरुस्त केलं नाही. परिचारिका येऊन गेली, दिवा लावून गेली. यागोदा येऊन पायाशी बसली. तो दमला की थांबायचा, पाणी प्यायचा आणि माझ्याकडे बघायचा, पुरे का म्हणून.

मी दर वेळी म्हणत होते, "मग?"